वाघमुख्या राक्षसाचा माग
अंधेरी-मुलुंडमध्ये जी मुले ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसतात, त्यांना खेळाच्या पुस्तकात एक राक्षस भेटतो. वाघाचे डोके, अंगात उंची झगा. त्याचे मूळ भारतातले मानले जाते. पण वेरूळच्या कैलास लेण्यात पर्वत हलवणाऱ्या रावणाची तोंडे माणसाचीच आहेत. दशावतार या कोकणी लोकनाट्यातला राक्षस संकासुर काळ्या बुरख्यातला, लाल जिभेचा. उपनगरांतल्या कोकणी मंडळींना तो वेगळा सांगायला नको. दशावतारात कथा ठरलेली असते, बोलणे मात्र नटाने जागेवर रचायचे. टेबलावरच्या या खेळाचीही रीत तीच. वाघाचे तोंड मात्र आपल्या संकासुराला नाही.

कागद तारखेप्रमाणे लावले की माग लागतो. जानेवारी 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून बाहेर पडला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. त्यांतली एक पुस्तिका राक्षसी जीव आणि खजिना यांचीच, पण तिच्यात आपला राक्षस नाही. तो पहिल्यांदा दिसतो डिसेंबर 1975 मध्ये, खेळ काढणाऱ्या कंपनीच्याच ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या पाचव्या अंकात.

या दोन तारखांच्या मध्ये, 20 डिसेंबर 1974 ला, एबीसी वाहिनीवर ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ मालिकेचा एक भाग लागला. लेखक जिमी सँगस्टर. शिकागोतल्या म्हाताऱ्या ज्यूंच्या वस्तीत माणसे मरत असतात. भिंतींवर स्वस्तिके उमटलेली पाहून लोकांना नाझींची आठवण होते. ती स्वस्तिके काढणारा असतो राक्षसाच्या मागावर असलेला एक वृद्ध हिंदू. हा राक्षस समोरच्याचा ज्याच्यावर विश्वास, त्याचे रूप घेतो. शेवटी पत्रकार कोलचॅक त्याला मंतरलेल्या बाणाने मारतो, आणि तो बाण सुटतो क्रॉसबोतून, म्हणजे आडव्या धनुष्यातून.

आता या खेळाचे 1977 चे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हे पुस्तक उघडावे. राक्षस भ्रम निर्माण करतो, विश्वासातल्या माणसाचे रूप घेतो, साध्या शस्त्राने त्याला जखम होत नाही. पण क्रॉसबोचा मंतरलेला बाण लागला की मरतो. माझ्या मते निकाल इथेच लागतो. रूप पालटणे आपल्याकडे जुनेच: मारीच हरीण झाला, रावण भिक्षेकरी होऊन दारात आला. मंतरलेल्या बाणाचा धागा ओढूनताणून रामाच्या ब्रह्मास्त्राला जोडता येईल. पण क्रॉसबो रामायणात नाही. रूप, विश्वास, बाण आणि आडवे धनुष्य अशा चार गोष्टी एकत्र जुळतात त्या फक्त त्या भागाशी. पुढे गायगॅक्स यांनीही हे ऋण मान्य केले.

खेळ काढणाऱ्या कंपनीतल्या मंडळींना आपल्या पुराणांची माहितीच नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. याच खेळाच्या 1980 च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू ओळीने येतात, प्रत्येकाच्या नावापुढे बळाचे आकडे. देव घेतले ग्रंथांतून, राक्षस मात्र टीव्हीवरून.

वाघाच्या डोक्याचा उलगडा तेवढ्याने होत नाही. कोलचॅकच्या त्या भागातला राक्षस नुसता केसाळ आहे. मॅन्युअलमधले चित्र डेव्हिड ट्रॅम्पियर यांचे: वाघाचे तोंड, झगा, हातात पाइप. पुढच्या आवृत्त्यांतल्या चित्रकारांनी वाघ ठेवला आणि तळहातही उलटे केले. आज अंधेरीच्या टेबलावर येतो तो याच चित्रांतला राक्षस.