मेयो ते मेयो : स्टेरॉइडच्या गोळीची गोष्ट

नागपूरकराला 'मेयो' म्हटलं की सेंट्रल एव्हेन्यूवरचं सरकारी हॉस्पिटल आठवतं. कागदोपत्री ते इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पण ऑटोवाल्याला हे नाव सांगून बघा! हे मेयो म्हणजे इंग्रजांचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. अमेरिकेत रोचेस्टरला दुसरं मेयो आहे, मेयो क्लिनिक. ते मेयो आडनावाच्या डॉक्टर बाप-लेकांचं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण एका औषधाची गोष्ट त्या मेयोत सुरू झाली आणि ७३ वर्षांनी आपल्या मेयोच्या वॉर्डात येऊन पोचली, म्हणून आज हा विषय.

(जिममधली पोरं घेतात ते स्टेरॉइड वेगळं. आपण बोलतोय ते कॉर्टिकोस्टेरॉइडबद्दल : प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन वगैरे.)

तर १९२९ साली मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच या डॉक्टरच्या लक्षात आलं, की संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली की सांधे दुखायचे थांबतात. बायकांना गरोदरपणातही तसाच आराम पडतो. म्हणजे शरीर स्वतःच काहीतरी औषध बनवत असणार. त्याच संस्थेतला रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून एकेक द्रव्य वेगळं करत होता. २१ सप्टेंबर १९४८ ला त्यातल्या एकाचं इंजेक्शन २९ वर्षांच्या एका बाईंना दिलं. संधिवातानं त्या जवळजवळ जखडल्या होत्या. आठवड्याभरात त्या चक्क बाजारात खरेदीला गेल्या. हे द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन. १९५० चं नोबेल हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन या तिघांना मिळालं. शोध ते नोबेल दोन वर्षांत, असं फार क्वचित होतं.

अडचण एकच, माल नव्हता. बैलाच्या पित्तापासून तीसहून जास्त पायऱ्या करत कॉर्टिसोन बनायचं आणि ग्रॅमला २०० डॉलर पडायचे. सगळ्यात किचकट काम म्हणजे रेणूतल्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवणं. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी ते काम चक्क एका बुरशीला दिलं! मेक्सिकोतल्या रानटी कंदापासून केलेलं प्रोजेस्टेरॉन तिला खाऊ घातलं आणि तिनं अकराव्या जागी ऑक्सिजन नेमका बसवून दिला. किमती धडाधड कोसळल्या. १९५५ मध्ये प्रेडनिसोन आलं आणि स्वस्त गोळीचं युग सुरू झालं.

या बुरशीचं नाव रायझोपस अरायझस. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता साईड इफेक्ट. आपल्या धंद्यात एखादं फंक्शन स्वतःचं काम करता करता बाहेरचं ग्लोबल व्हेरिएबल बदलून ठेवतं, त्याला साईड इफेक्ट म्हणतात. स्टेरॉइडचं अगदी तसंच आहे. ते पेशीच्या केंद्रकात शिरून जीन्स चालू-बंद करतं आणि असं करायची परवानगी त्याला जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. सूज उतरते, दमा थांबतो, पण त्याच वेळी यकृत जास्त साखर सोडतं, हाडं ठिसूळ होतात, बीपी वाढतं, झोप उडते, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, मोतीबिंदू लवकर येतो आणि जंतूंशी लढणारं सैन्य सुस्तावतं. शिवाय बाहेरून आयता माल येतोय म्हटल्यावर ग्रंथी स्वतःचं उत्पादन बंद करतात. म्हणून काही आठवडे घेतलेली गोळी एकदम सोडायची नसते, डोस हळूहळू उतरवायचा असतो. नाहीतर बीपी कोसळून जीवावर बेतू शकतं.

बरं, आता २०२० मध्ये या. १६ जूनला ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल आला. रोज फक्त ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांमध्ये एक पंचमांशानं. औषधही अगदी स्वस्त. पण त्याच निकालात दुसरी ओळ होती : ऑक्सिजन लागत नाही अशांना काहीच फायदा नाही.

ती दुसरी ओळ फारशी कुणी वाचली नाही. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये नागपुरात बेड मिळत नव्हते, ऑक्सिजन मिळत नव्हता. व्हॉट्सअॅपवर प्रिस्क्रिप्शनचे फोटो फिरत होते. अशा वेळी लोकांनी ताप आल्या आल्या घरीच गोळ्या सुरू केल्या, तर त्यांना दोष तरी किती द्यायचा? पण ज्यांना डायबेटिस होता (आणि बऱ्याच जणांना तो आहे हे माहीतच नव्हतं) त्यांची साखर आभाळाला भिडली, प्रतिकारशक्ती झोपली आणि नाकातून बुरशी शिरली. मे महिन्यात मेयो आणि मेडिकल दोन्हीकडे म्युकरमायकोसिसचे वॉर्ड लागले. कुणाचा जबडा काढावा लागला, कुणाचा डोळा.

म्युकरमायकोसिस सगळ्यात जास्त वेळा कोणत्या बुरशीमुळे होतो? रायझोपस अरायझस! १९५२ मध्ये जिनं स्टेरॉइड स्वस्त करून दिलं, तीच.

२० मे २०२१ ला केंद्रानं राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. अँफोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण करत होते, तेव्हा शेजारच्या वर्ध्यात एका कंपनीनं ते बनवायला सुरुवात केली. विदर्भाला तेवढाच दिलासा.

त्या आधीच्या लाटेत, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, भारतातल्या १६ हॉस्पिटलांचा एक अभ्यास झाला होता. म्युकरच्या २८७ रुग्णांपैकी १८७ जणांना कोविड होऊन गेलेला होता आणि उशिरा झालेल्या म्युकरचा संबंध स्टेरॉइडच्या चुकीच्या वापराशी दिसला. इथे 'चुकीच्या' हा शब्द महत्त्वाचा. २०२१ नंतर काही लोक स्टेरॉइडचं नाव काढलं की दचकतात, दम्याची किंवा ल्युपसची चालू गोळी मनानंच बंद करतात. ते तितकंच धोक्याचं आहे.

तेव्हा घरात कुणाला ही गोळी लिहून दिली, तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारा : किती मिलिग्रॅम, किती दिवस, बंद कशी करायची आणि साखर कधी तपासायची. आणि मागच्या वेळची उरलेली स्ट्रिप फ्रीजवर पडली असेल, तर ती शेजारच्या काकूंना देऊ नका.