घरी बांधलेल्या विमानातील केबल : दोन पांढऱ्या अपघातांचा इतिहास

🧵 (१/११)
घरी बांधलेल्या विमानात रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणारी केबल जेमतेम ५ मिलिमीटर जाडीची असते. वैमानिक आणि नियंत्रण मनोरा यांच्यातील प्रत्येक शब्द तिच्यातून जातो. या साध्या वाटणाऱ्या वस्तूमागे प्रयोगशाळेतील दोन अपघात आणि एक महायुद्ध उभे आहे.

(२/११)
मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती विद्युतरोधक थर, त्यावर विणलेली धातूची जाळी आणि सर्वांत वर आवरण, अशी कोअॅक्सिअल केबलची रचना असते. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. अमेरिकेत लॉइड एस्पेन्शीड आणि हर्मन अॅफेल यांनी १९२९ मध्ये आधुनिक केबलसाठी अर्ज केला. १९३१ मध्ये त्यांना पेटंट मिळाले.

(३/११)
अडचण होती ती मधल्या थराची. उच्च वारंवारतेच्या लहरींची बरीच ऊर्जा रबर शोषून घेई. चिनी मातीचे मणी आणि हवेची पोकळी हा पर्याय होता. परंतु विमानाच्या अरुंद, थरथरत्या सांगाड्यात लवचीक केबलच हवी होती.

(४/११)
२७ मार्च १९३३. इंग्लंडमधील नॉर्थविच येथे आयसीआय कंपनीचे एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन इथिलीन वायू प्रचंड दाबाखाली तापवत होते. अपेक्षित रसायन मिळालेच नाही. उपकरणात मेणासारखा पांढरा पदार्थ मात्र सापडला. हेच पॉलिथिलीन!

(५/११)
प्रयोगाची पुनरावृत्ती करताना स्फोट झाले आणि काम थांबले. डिसेंबर १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांना पुन्हा यश आले, तेही उपकरणातील गळतीमुळे! गळती भरून काढण्यासाठी सोडलेल्या नव्या वायूबरोबर किंचित ऑक्सिजन आत गेला आणि त्यानेच अभिक्रिया सुरू केली.

(६/११)
१ सप्टेंबर १९३९ रोजी पॉलिथिलीनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. रात्री येणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना शोधण्यासाठी लढाऊ विमानातच रडार बसवणे निकडीचे झाले होते. हलकी, लवचीक आणि अल्प ऊर्जाहानीची केबल या पदार्थामुळे शक्य झाली.

(७/११)
दुसरा अपघात अमेरिकेतला. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपॉन्ट कंपनीच्या रॉय प्लंकेट यांना वायूच्या नळकांड्यात वायूऐवजी पांढरी भुकटी आढळली. तिला पुढे टेफ्लॉन हे नाव मिळाले. आज अनेक विमानबांधणीकार पॉलिथिलीनच्या ‘आरजी-५८’ऐवजी टेफ्लॉनची ‘आरजी-४००’ केबल निवडतात. ती सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमान सोसते आणि तिची जाळी दुहेरी असते.

(८/११)
१९५३ मध्ये मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमानबांधणीकारांची ‘ईएए’ ही संघटना स्थापन केली. १९७५ मध्ये बर्ट रुटन यांचे ‘व्हेरीइझी’ उडाले. त्याची काया फोम आणि काचतंतूंची होती. काचतंतू रेडिओलहरींना अडवत नाहीत. त्यामुळे तांब्याच्या पट्टीचा अँटेना विमानाच्या अंगातच दडवता येऊ लागला.

(९/११)
या सोयीची किंमतही होती. थर एकदा वाळले की आतील जोडाला हात लावता येत नाही. सदोष जोड शोधायचा तर तयार पृष्ठभाग कापावा लागतो. कार्बनतंतू विद्युतवाहक असल्याने तेथे ही युक्ती चालत नाही. धातूच्या विमानात अँटेना बाहेर असतो. तेथे बैठकीखालचा रंग खरवडून धातूला धातू भिडवावा लागतो.

(१०/११)
केबल कारखान्यात तयार होते, पण तिची टोके बांधणाऱ्याच्या हातून घडतात. आवरण सोलताना मधल्या तारेवर चरा पडला, तर कंपनांनी ती तेथेच तुटते. जाळीचा एक सुटा तंतू मधल्या तारेला टेकला, तर रेडिओ मुका होतो. कनेक्टर योग्य मापाच्या क्रिंप-पकडीनेच दाबायचा. केबलला तीव्र बाक द्यायचा नाही, कारण रोधक चेपला की ५० ओहमचा मेळ बिघडतो.

(११/११)
म्हणून अँटेना जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन गोष्टी तपासतात : मधली तार टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे ना, आणि ती जाळीपासून पूर्ण अलग आहे ना. अँटेना जोडल्यावर परत फिरणारी ऊर्जा मोजतात. पॉलिथिलीन आणि टेफ्लॉन योगायोगाने हाती आले. जोडाच्या बाबतीत मात्र योगायोगावर विसंबता येत नाही; ही तपासणी विमानाचे अंग बंद होण्यापूर्वीच व्हावी लागते.