बीड रस्त्यावरचा ट्रक : औरंगाबादचा १९९३चा विमान अपघात

औरंगाबादच्या विमान अपघाताचं नाव काढलं की आपल्याकडे हैदराबादेत, मराठवाड्याशी सोयरीक असलेल्या कुठल्याही घरात, पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "ट्रकला धडकलं होतं ना ते?" वाक्य खोटं नाही. पण गेल्या तीसेक वर्षांत त्या वाक्यातला ट्रक गुन्हेगार होऊन बसला आहे. हा निबंध त्याबद्दलच आहे. (गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं असलं, तरी घटना तेव्हाची म्हणून मी जुनंच नाव वापरतो आहे.)

आधी घटना सांगतो. तारीख २६ एप्रिल १९९३, वार सोमवार. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं उड्डाण. दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला जायचं. अजिंठा-वेरूळला येणाऱ्या पर्यटकांची ही नेहमीची वाट. विमान बोइंग ७३७, आत ११८ माणसं. भर दुपारी एकच्या सुमारास विमान चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून धावलं आणि पट्टीच्या अगदी शेवटाला येऊन जेमतेम जमिनीपासून सुटलं. पट्टीच्या टोकापलीकडे, चारेकशे फुटांवर, बीडचा रस्ता आडवा जातो. त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची डावीकडची चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. रस्त्यापासून किती उंचीवर, तर सुमारे सात फूट! विमान तसंच पुढे गेलं, काही किलोमीटरवर उच्चदाबाच्या विजेच्या तारांत अडकलं आणि कोसळून पेटलं. ५५ जण गेले, ६३ वाचले. दोन्ही वैमानिक वाचले.

देशातल्या हवाई वाहतुकीचे ते दिवसच वाईट होते. वैमानिकांच्या संपामुळे भाड्यानं आणलेलं एक टुपोलेव्ह विमान जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात उलटलं होतं. औरंगाबादच्या आदल्याच दिवशी पहाटे अमृतसरला अपहरण झालेलं विमान कमांडोंनी सोडवलं होतं. त्या गडबडीत ही बातमी आली, आणि लोकांच्या ध्यानात राहिला तो ट्रक. ते साहजिकच म्हणा. विमान आणि ट्रक, ही जोडीच अशी आहे.

चौकशीनं मात्र दोन कारणं शेजारी शेजारी ठेवली. पहिलं वैमानिकांकडचं. ठरलेल्या वेगाला विमानाचं नाक उचलायचं असतं. ते उशिरा उचललं गेलं आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरं राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडचं : विमानांच्या वेळात बीड रस्त्यावरची वाहनं थांबवण्याची व्यवस्था त्यांनी राखली नाही.

मराठवाड्यातला एप्रिल आपल्याला सांगायला नको. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो, त्यामुळे विमानाला जास्त लांब धावावं लागतं. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी चूक पोटात घालायला पट्टीवर जागा उरत नाही. तेव्हा नाक उचलायला झालेला थोडासा उशीरही महागात पडतो.

माझं मत असं की ही दोन कारणं एका तराजूत बसत नाहीत. वैमानिकाची चूक त्या दुपारची, काही सेकंदांची. रस्ता मात्र रोजचा होता. रोज विमान उडायचं, रोज त्याखालून ट्रक, एसट्या, बैलगाड्या जायच्या, आणि काही झालं नाही म्हणून चाललं होतं. नाक वेळेवर उचललं असतं तर ट्रक खाली राहिला असता; रस्ता मोकळा असता तर सात फुटांवरूनही विमान बहुधा निभावून गेलं असतं. ट्रकवाला तर आपल्या रस्त्यानं चालला होता. त्याला कुणी थांबा म्हटलं नव्हतं.

इथे मला राहून राहून रेल्वेचं फाटक आठवतं. निजामाच्या काळात विसाव्या शतकाच्या तोंडावर गोदावरी खोऱ्याची रेल्वे याच औरंगाबादवरून मनमाडपर्यंत गेली. गाडी यायच्या आधी फाटक पडणार, बैलगाड्या खोळंबणार, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्यालाही अंगवळणी पडलं. आगगाडीला जे मिळालं ते विमानाला मिळालं नव्हतं. विमान वरून जातं, त्याचा रस्त्याशी काय संबंध, असाच समज असावा. कुंपणाच्या आत एक खातं, कुंपणाबाहेर दुसरं.

कुंपणाबाहेरच्यांचं काय होतं हे आपल्या हैदराबादनं आधीच पाहिलं होतं. १७ डिसेंबर १९७८ला बेगमपेठेवरून निघालेल्या बोइंग ७३७च्या पंखांच्या पुढच्या कडेची साधनं काम देईनात; विमानाला उंची घेता आली नाही, ते पोटावर घसरत हद्दीपलीकडे गेलं आणि पेटलं. विमानात १३२ जण होते, त्यांतला एकच दगावला. पण गवत कापत असलेले तिघे जमिनीवर मेले. त्यांची आठवण आज बेगमपेठेतही कुणी काढत नाही.

ज्या प्राधिकरणावर चौकशीनं ठपका ठेवला ते १९८६ साली स्थापन झालं होतं. १ एप्रिल १९९५ला ते आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणात मिसळून आजचं भारतीय विमानतळ प्राधिकरण तयार झालं. म्हणजे अपघाताला दोन वर्षं होण्याआधीच त्या नावाचं खातं उरलं नाही. घरोघरच्या बोलण्यात ते कधी नव्हतंच. तिथे अजूनही दोषी म्हणून ट्रकच उभा आहे.