शिखरांची यादी आणि दोराचा सोबती



गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतील तीसेक मुलांना घेऊन मी भोंगीरला गेलो होतो. हैदराबादहून वरंगळच्या रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर गेले की एकाच अखंड खडकाचा तो डोंगर समोर उभा राहतो. चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य, म्हणजेच त्रिभुवनमल्ल, याच्या बिरुदावरून या स्थळास त्रिभुवनगिरी हे नाव पडले, आणि त्याचेच पुढे भुवनगिरी व भोंगीर झाले. इतिहासाचा शिक्षक असल्याने हे सारे मी मोठ्या हौसेने सांगत होतो. परंतु मुलांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. समोरच्या कातळावर एक तरुण चढत होता आणि दुसरा खाली उभा राहून, मान वर करून, त्याचा दोर हाताहाताने सैल सोडीत होता. मुले ते पाहत होती.

परतताना नववीतील एका विद्यार्थ्याने खिशातून वहीचे एक पान काढून मला दाखविले. सातही खंडांतील सर्वोच्च शिखरांची नावे त्याने उंचीसह लिहून ठेविली होती. "सर, यादी तयार आहे," तो म्हणाला, "पण माझ्याबरोबर कोण येईल? आमच्या घरी कुणी कधी डोंगर चढलेला नाही."

प्रश्न साधा होता. पण उत्तर देता येईना. घरी येऊन पुस्तके उघडली, तेव्हा दिसून आले की शिखरांच्या याद्यांचा इतिहास हा पुष्कळ अंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे.

याद्या करण्याची हौस जुनी आहे. १८९१ साली सर ह्यू मन्रो यांनी स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांवरील शिखरांची यादी प्रसिद्ध केली आणि ती पुरी करण्याचे वेड तेथे आजही टिकून आहे. गमतीची गोष्ट अशी की खुद्द मन्रोसाहेबांची यादी मरेपर्यंत अपुरीच राहिली. पुढे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक डोंगरांत रॉबर्ट व जॉर्ज मार्शल या दोघा भावांनी १९१८ ते १९२५ या काळात ४६ उंच शिखरे पायांखाली घातली. प्रारंभी हे दोघे शाळकरी वयाचे होते. त्यांच्या सोबत होता हर्बर्ट क्लार्क, त्यांच्या घराण्याचा पन्नाशीकडे झुकलेला वाटाड्या. त्यातील बहुतेक शिखरांवर तेव्हा पायवाटदेखील नव्हती. यादी मुलांची खरी, पण जंगलातून वाट काढणारा तिसरा होता. आणि ४६ शिखरे पुरी करणाऱ्यांत त्या दोघांबरोबर त्याचेही नाव नोंदले गेले. हा प्रामाणिकपणा पुढे सर्वत्र राहिला असे म्हणवत नाही.

सात खंडांच्या सात शिखरांची कल्पना मात्र अगदी अलीकडची. डिक बास हे टेक्सासमधील तेलाच्या धंद्यातले गृहस्थ आणि फ्रँक वेल्स हे चित्रपट-व्यवसायातील बडे अधिकारी. दोघेही पन्नाशीचे, दोघेही डोंगरांच्या बाबतीत जवळजवळ नवशिके. आपल्यासारख्यांनी हसून सोडून द्यावे असा हा बेत. पण आपणांस काय येत नाही हे त्या दोघांना ठाऊक होते. त्यांनी जाणते गिर्यारोहक शोधून आपल्याबरोबर घेतले. अंटार्क्टिकातील व्हिन्सन शिखरावर त्यांच्या मोहिमेत ख्रिस बॉनिंग्टन यांच्यासारखा नामांकित गिर्यारोहक होता. १९८३ या एका वर्षात सहा शिखरे झाली. एव्हरेस्ट तेवढे हुकले. वेल्स पुढे या नादातून बाजूस झाले. बास मात्र पुन्हा गेले आणि ३० एप्रिल १९८५ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, एव्हरेस्टवर पोहोचले. त्या दिवशी त्यांच्याबरोबर डेव्हिड ब्रीशर्स होते आणि आंग फुर्बा शेर्पा होते. सातही शिखरे पुरी करणारा पहिला माणूस म्हणून बास यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. आंग फुर्बांचे नाव शोधून काढावे लागते.

पैसा असला की सोबती मिळतो, असा याचा अर्थ कोणी करील. तो पुरता खोटाही नाही. परंतु आपल्याच मुलखातील दोन उदाहरणे मला या संदर्भात अधिक मोलाची वाटतात.

मल्ली मस्तान बाबू हे नेल्लूर जिल्ह्यातील एका खेड्यातले. कोरुकोंडा येथील सैनिकी शाळेत ते शिकले. त्या शाळेचे एक माजी विद्यार्थी, लेफ्टनंट उदय भास्कर राव, १९८५ साली भारतीय सेनेच्या एव्हरेस्ट मोहिमेत मृत्यू पावले होते. त्या मोहिमेत पाच जण परतले नाहीत. शाळेतील त्यांच्या पुतळ्याने मस्तान बाबूंच्या मनात डोंगराचे वेड पेरले. पुढे खरगपूर, कलकत्ता येथील नामवंत संस्थांत उच्च शिक्षण घेऊनही त्यांनी नोकरीचा मार्ग सोडला आणि २००६ साली १७२ दिवसांत सातही शिखरे गाठली. तसे करणारे ते पहिले भारतीय.

वृत्तपत्रांनी दिवस मोजले, आणि ते स्वाभाविकच होते. पण त्यानंतरच्या वर्षांत हा मनुष्य पुष्कळदा एकटाच अँडीज पर्वतात वावरत असे. मार्च २०१५ मध्ये अर्जेंटिना व चिली यांच्या सीमेवरील त्रेस क्रुसेस सूर या ६७०० मीटरहून उंच शिखराकडे ते एकटे निघाले. २४ मार्चनंतर त्यांचा पत्ता लागेना. ३ एप्रिल रोजी त्यांचा देह सापडला. वय अवघे चाळीस. पार्थिव गावी आणावयास आणखी तीन आठवडे लागले.

सोबती असता तर ते वाचले असते काय? याचे उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. डोंगरावर दोघे मिळूनही मरतात. शिवाय एकट्याने जाणाऱ्याला जो एकांत लाभतो त्याची ओढ आपण खाली बसून तोलू नये. एवढेच म्हणता येते की पाय मुरगळला, वारा सुटला, विचार भ्रमिष्ट होऊ लागला, तर "चल, मागे फिरू" असे म्हणणारा दुसरा कोणी तेथे नव्हता.

आमच्या कॅथलिक समाजात पोप पायस अकरावे यांची एक गोष्ट ठाऊक असते. पोप होण्यापूर्वी, फादर आकिल्ले रात्ती असताना, ते पट्टीचे गिर्यारोहक होते. १८८९ साली मोंते रोझावर चढताना त्यांना, त्यांचे मित्र फादर ग्रासेल्ली यांना व दोन वाटाड्यांना कड्यावरच्या अरुंद पायरीवर सारी रात्र उभ्याने काढावी लागली. झोप लागली तर गोठून मरण, म्हणून चौघे पाय आपटीत एकमेकांना जागे ठेवीत राहिले. एकट्याला हे साधणे फार कठीण.

दुसरे उदाहरण मालावत पूर्णा हिचे. निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला गावच्या शेतमजूर आईबापांची ही आदिवासी मुलगी सरकारी निवासी शाळेत शिकत होती. त्या शाळांच्या संस्थेचे सचिव, पोलीस अधिकारी आर. एस. प्रवीण कुमार, यांनी गरीब मुलांना भोंगीरच्या कातळावर पाठविले. शिक्षक होते शेखर बाबू बचिनेपल्ली. प्रारंभी शंभरावर मुले होती. त्यांतली वीसेक दार्जिलिंगच्या हिमालयीन गिर्यारोहण संस्थेत गेली. पुढे लडाखच्या थंडीत आणखी गळती झाली आणि अखेर दोघे उरले, पूर्णा आणि खम्मम जिल्ह्यातला आनंद कुमार. नेपाळात सोळा वर्षांखालील मुलांस परवानगी नसल्याने ती तिबेटच्या बाजूने चढली. त्याच वर्षी १८ एप्रिलला दक्षिणेकडील खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार ठार झाले होते. २५ मे २०१४ रोजी पूर्णा एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली, वय १३ वर्षे ११ महिने. आठ दिवसांनी तेलंगण राज्य जन्मास आले.

तेरा वर्षांच्या मुलीला तेथे न्यावे काय, हा प्रश्न शिक्षक म्हणून मला आजही अस्वस्थ करतो. पण तिला एकटीला कोणी धाडले नव्हते, हेही खरे. बरोबर आनंद होता, शेर्पा होते, आणि ज्याने पहिला दोर बांधावयास शिकविले तो गुरू मोहिमेमागे होता. यादी तिने नंतर हळूहळू पुरी केली. २०१६ साली किलिमांजारो, २०१७ साली एल्ब्रुस, २०१९ साली ॲकोन्काग्वा, कार्स्टेन्झ व व्हिन्सन. आणि ५ जून २०२२ रोजी अलास्कातील ६१९० मीटर उंचीचे डेनाली. हे शेवटचे शिखर सोबत्यांची खरी परीक्षा घेते. तेथे ओझे वाहणारे शेर्पा नसतात. आपला शिधा व तंबू आपणच घसरगाडीवर ओढावा लागतो. हिमनदीत बर्फाने झाकलेल्या खोल भेगा असतात, म्हणून तिघे-चौघे एका दोराला बांधून अंतराने चालतात. एक जण भेगेत पडला, तर बाकीच्यांनी त्याच क्षणी बर्फावर झोकून देऊन कुऱ्हाड रोवावयाची असते. विचार करावयास वेळ नसतो. अशा वेळी शेजारचा माणूस उत्साही आहे की नाही याला फारसे महत्त्व नाही. त्याने हे पूर्वी किती वेळा केले आहे, हे महत्त्वाचे.

पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने तर क्रमच उलटा केला. १९८२ पासून सह्याद्रीत एकत्र फिरून माणसे जुळली, आणि आठ हजार मीटरवरील शिखरांची मोजणी पुढे आली. २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचले. २०१९ साली दहा जण कांचनगंगेवर. एकमेकांचे स्वभाव, भय, आळस हे सारे ज्यांनी आधी पाहून घेतले होते असे हे लोक.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. दार्जिलिंग, उत्तरकाशी, मनाली येथील संस्थांची व तेथील अभ्यासक्रमांची माहिती दिली. त्याने ती निमूटपणे त्याच पानाच्या मागे उतरवून घेतली. मग विचारले, "पण सर, ते अनुभवी लोक मला कशाला घेतील?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघे पुन्हा भोंगीरला गेलो. त्याला वाटले होते की आज आपण चढणार. तेथल्या एका तरुणाने त्याला कातळाखाली उभे केले, कमरेला पट्टा बांधला, दोराचे टोक त्याच्या हाती दिले आणि स्वतः चढावयास लागला. दोन तास मुलगा मान वर करून उभा होता. मी हाक मारली, तरी त्याने माझ्याकडे पाहिले नाही.