सेलबर्नच्या पाद्रीबुवांच्या मागे मागे

1781 सालचा 11 एप्रिल. इंग्लंडच्या दक्षिणेत, हॅम्पशर परगण्यातल्या सेलबर्न गावात तुम्ही शिरताय. वाट शेतांच्या खाली तीन पुरुष खोल आहे. गाड्यांच्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने मऊ दगड झिजत झिजत ती इतकी खाली गेली. दोन्ही दरडींतून झाडांची मुळं लोंबताहेत. चिखल आपल्या कोकणातल्या आषाढाला लाजवेल असा आहे, तेव्हा जपून.

वर आलात की समोर हँगर दिसतो. ही खडूच्या टेकडीची उभी चढण, तिच्यावर बीचचं जंगल, अजून पालवी न फुटलेलं. नागमोडी पायवाट चढा. ती व्हाइट भावंडांनी 1753 मध्ये खोदली. वर एका अंगाला काही गडी झुडपांची मुळं उकरताहेत, कपारींत हात घालून चाचपताहेत. त्यांना या कामाला लावणारे बुटके गृहस्थ म्हणजे गिल्बर्ट व्हाइट. वय साठ, पेशाने पाद्री आणि लग्नाच्या फंदात न पडलेले.

शोध चाललाय तो झोपलेल्या पाकोळ्यांचा. शरदात सगळ्या निघून गेल्यावर, कित्येक दिवसांनी एखादं ऊबदार ऊन पडलं की याच टेकडीभोवती चार-दोन हाउस मार्टिन जातीच्या पाकोळ्या घिरट्या घालताना बुवांनी वर्षानुवर्षं पाहिल्यात. मग निदान काही तरी इथेच कुठेतरी हिवाळाभर निजत असतील, असा त्यांचा कयास. पक्षी समुद्र ओलांडतात हे त्यांना अमान्य नाही. भाऊ जॉन जिब्राल्टरला पाद्री होता, तिथून जाणारे-येणारे थवे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. तरी शंका काही जात नाही. तुमच्या जिभेवर ‘आफ्रिका’ आलंय. ते गिळा, पाहुण्याने आगाऊपणा करू नये.

बिळांत काहीच सापडत नाही. आणि गडी खणत असतानाच खाली गावातून, लोकांच्या देखत, वर्षातली पहिली मार्टिन उडत येते, थेट जुन्या घरट्यात शिरते, क्षणभर थांबते आणि छपरांवरून निघून जाते. पुढे 16 तारखेपर्यंत दुसरी दिसत नाही. माणूस इथे ओशाळला असता किंवा गप्प बसला असता. बुवा सगळं लिहून ठेवतात, खणून काही मिळालं नाही हेसुद्धा. मला विचाराल तर त्यांची थोरवी इथे आहे. पाकोळ्यांबाबतचा त्यांचा कयास फसला. पण ती नोंद आजही वापरता येते.

नोंदीसाठी छापील वही आहे. बॅरिंग्टन या स्नेह्याने पाठवलेली: वारा, पाऊस, पारा, कोणतं झाड कधी फुटलं, कोणता पक्षी कधी आला, असे रकाने पाडलेली. 1768 पासून ती भरणं सुरू आहे. त्याच वर्षी त्यांनी दिसायला जवळपास सारख्या अशा तीन वटवट्या निव्वळ गाण्यावरून वेगळ्या काढल्या. दुर्बीण नाही. कान आणि चिकाटी, एवढंच भांडवल.

मे उजाडला. उतारावरच्या कुरणात रातकिडे भर दिवसा किरकिरताहेत. पाऊल टाकलंत की गप्प. बुवांनी आधी कुदळीने खणून पाहिलं होतं, त्यात किडा चिरडायचा. आता गवताची एक लवचीक काडी घ्या, बिळाच्या तोंडात अलगद सरकवा, वळणावळणाने आत जाऊ द्या. थोड्याच वेळात काळाभोर, चकचकीत, डोक्याने थोराड असा मालक दारात येतो. गातो तो फक्त नर. परसातल्या कासवाकडेही एक नजर टाका. नाव टिमथी. बुवांच्या आत्याच्या पश्चात, 1780 च्या मार्चमध्ये, जमिनीतून उकरून ऐंशी मैल घोडागाडीने आणलेलं. बुवा त्याच्याशी कर्ण्यातून बोलून पाहतात. ते ढिम्म.

आता दोन वर्षं पुढे चला. जून 1783 ची 23 तारीख. हवेत कसलंसं धुकं आहे, पण ओल नाही. भर दुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. जमिनीवर, घरातल्या फरशीवर गंजाच्या रंगाचा उजेड पडलाय. उगवता-मावळता सूर्य रक्तासारखा. उकाडा असा की आज कापलेलं मांस उद्या खाववत नाही. माश्यांनी घोडे बेजार झालेत. गावकरी धास्तावलेत. 20 जुलैपर्यंत हे असंच. 8 जूनला आइसलंडमध्ये लाकीचा ज्वालामुखी फुटलाय, हे सेलबर्नमध्ये आज फक्त तुम्हाला ठाऊक आहे. बुवांना कारण माहीत नाही. तरी वारा कुठून कुठे फिरला आणि हवा कशी होती हे ते टिपतात. पुढे लाकीचा अभ्यास करणाऱ्यांनी या नोंदींचा आधार घेतला.

1784 चा डिसेंबर थोडक्यात आटपू, कारण थंडीने थांबवत नाही. एका तापमापीवरचे अंक संपले आणि पारा पितळी आवरणात दडला. दुसरीवर शून्याखाली एक अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे 18 सेल्सियस.

बुवांनी लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक 1788 च्या अखेरीस लंडनमध्ये निघालं. बुवा 26 जून 1793 रोजी गेले. त्याच महिन्याच्या मध्यापर्यंत वही भरत होती. टिमथी पुढच्या वर्षी मेला, आणि तो मादी होता हे मागाहून कळलं.

तुम्हाला आजच्या काळात जायचं असेल, तर लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून ऑल्टन गाठा, पुढचा रस्ता थोडाच आहे. घराचं संग्रहालय झालंय, हँगरवरची नागमोडी वाट चढता येते. बुवांनी गावात स्विफ्ट पक्ष्यांच्या आठ जोड्या मोजल्या होत्या. मोजून पाहायच्या असतील तर मे ते जुलैमध्ये जा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्या निघून गेलेल्या असतात.