विमान बांधता येतं, पण हवाई दल?

एरिक फ्लिंट या अमेरिकन लेखकाची '१६३२' ही विज्ञान-कादंबरी २००० साली आली आणि पुढे तिची मोठी मालिका झाली. कल्पना अशी: वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रँटव्हिल हे कोळसा खाणीचं गाव, माणसं-घरं-गाड्यांसकट, सन २००० मधून उचललं जातं आणि थेट १६३१ च्या जर्मनीत जाऊन पडतं.

तिथे तीस वर्षांचं युद्ध (१६१८-१६४८) ऐन भरात आहे. त्याच मे महिन्यात माग्देबुर्ग शहराची राखरांगोळी झाली, सुमारे वीस हजार माणसं मेली. हा खरा इतिहास. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फसही खराच. तो १६३२ मध्ये ल्युत्झनच्या लढाईत मारला गेला, कादंबरीत मात्र वाचतो. गावकरी त्याच्याशी हातमिळवणी करतात, 'युनायटेड स्टेट्स ऑफ युरोप' उभं राहतं, आणि जेसी वुड नावाचा निवृत्त वैमानिक त्याचं हवाई दल उभारतो.

आता तुम्ही म्हणाल, समोर भाले आणि ठासणीच्या बंदुका, मग विमान आलं की संपलाच विषय! तसं होत नाही. इंजिनं काढायची गावातल्या मोटारींमधून, आणि मोटारी मोजक्याच. विस्मारच्या लढाईत हान्स रिश्टर हा तरुण वैमानिक विमानासकट डॅनिश जहाजावर आदळतो. पोरगा जातो, आणि पुन्हा कधीच न मिळणारं इंजिनही जातं.

गावात शाळा आहे, पुस्तकं आहेत, माहितगार माणसं आहेत. मग नवं इंजिन का नाही बनवत? याचं उत्तर खऱ्या इतिहासात आहे. इंग्लंडच्या जॉर्ज केलीने पंख आणि शेपटीची मांडणी १७९९ मध्येच काढून ठेवली होती. १८५३ मध्ये त्याच्या ग्लायडरमधून माणूस तरंगलासुद्धा. पण राइट बंधू उडाले १९०३ मध्ये. मधल्या काळात खनिज तेलाच्या विहिरी आल्या, १८७६ चं ऑटोचं इंजिन आलं, १८८६ पासून ॲल्युमिनियम स्वस्त झालं. तेव्हा कुठे हलकं इंजिन जमलं. नुसतं डोक्यातलं ज्ञान उडत नाही.

म्हणूनच ग्रँटव्हिलचे लोक मुद्दाम मागे येतात. वाफेची इंजिनं, रेल्वे, म्हणजे सतराव्या शतकातल्या कारागिराला शिकून स्वतः करता येईल ते आधी.

आपल्याकडे काय झालं? 'मारुत' हे लढाऊ विमान १९६१ मध्ये उडालं. सांगाडा उत्तम, पण योग्य ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. 'तेजस' २००१ मध्ये उडालं तेही अमेरिकन इंजिनावर, आणि आजही तेच आहे. आपलं 'कावेरी' त्यात बसलंच नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी 'आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी विमानं होती' असं टाकलं, तर भांडू नका. एवढंच विचारा: इंजिन कोण करायचं, धातू कुठल्या भट्टीतून यायचा आणि इंधन कुठून? आणि हेच प्रश्न आजच्या सरकारलाही विचारा, मग ते कुठल्याही पक्षाचं असो.