फायबरग्लासचे सुटलेले थर : कारणे आणि दुरुस्ती

अमेरिका व कॅनडात पिकअप ट्रकच्या मागील हौद्यावर टोपण बसवून त्यातच मुक्काम करत भटकंती करणारे अनेक हौशी प्रवासी आहेत. या टोपणाला ‘कॅम्पर शेल’ म्हणतात. बरीचशी टोपणे फायबरग्लासची असतात. ती हलकी असून गंजत नाहीत. मात्र त्यांचे थर एकमेकांपासून सुटू शकतात. बाहेरचा रंग चकचकीत असतानाही छत आतून कमकुवत झालेले असते आणि त्यावर सामान बांधणे धोक्याचे ठरते.

थर का सुटतात?

फायबरग्लास म्हणजे काचतंतू व रेझिन यांचा संयोग. १९५३ साली आलेल्या शेव्हरोले ‘कॉर्व्हेट’ मोटारीच्या बाह्यांगामुळे वाहनउद्योगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले. तंतू ताण सोसतात, तर रेझिन तो भार एका थराकडून दुसऱ्याकडे पोहोचवते. एकसंध पत्रा मधोमध दुभंगून दोन्ही भाग एकमेकांवर मोकळे सरकू लागले, तर वाकण्यास होणारा त्याचा विरोध एक चतुर्थांशच उरतो.

खिडकीची फटलेली रबरी पट्टी किंवा स्क्रूचे छिद्र यांतून पाणी आत शिरते. थंडीत त्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि थर आणखी विलग होतात. तंतू रेझिनमध्ये नीट न भिजणे हा निर्मितीतील दोषही कारणीभूत असतो.

तपासणी

नाण्याने पृष्ठभागावर हलके टिचकावे. भक्कम जागी टणक, तर सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. त्या भागाभोवती पेन्सिलीने रेघ आखावी.

दुरुस्ती

प्रथम गळती बंद करून भाग पूर्ण वाळवावा. ओलीवर रेझिन धरत नाही. पोकळी लहान असल्यास तिच्या कडांजवळ बारीक छिद्रे पाडावीत. एका छिद्रातून इपॉक्सी रेझिन सोडावे, दुसऱ्यातून हवा बाहेर पडू द्यावी. मध्ये प्लॅस्टिकचा कागद ठेवून वर बेताचे वजन द्यावे. अति दाबाने रेझिनच बाहेर निघते.

पोकळी मोठी असल्यास खराब थर घासून काढावेत. कडांना १ मिलिमीटर खोलीस सुमारे १२ मिलिमीटर रुंदी या प्रमाणात उतार द्यावा आणि विणलेल्या काचकापडाचे नवे थर चढवावेत. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी अधिक चांगले चिकटते. मात्र उन्हाने ते खराब होत असल्याने त्यावर रंग आवश्यक असतो.

दक्षता

काचेची धूळ फुप्फुसांना व त्वचेला त्रासदायक असते. त्यामुळे योग्य मास्क, चष्मा व हातमोजे वापरावेत. सफाईचे ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावे.

दुरुस्तीनंतर नाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी. आवाज सर्वत्र सारखा येईपर्यंत छतावर भार टाकू नये.